पुरावेदादाचा फळा

त्याला कोणी "देव तुझं भलं करो" म्हटलं, की तो थांबायचा आणि अगदी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "कधीपर्यंत?" म्हणणारी बहुतेक वेळा गल्लीतली एखादी म्हातारी असायची. तिची भाजीची पिशवी बाजारापासून त्यानंच वाहून आणलेली असायची, तेव्हा आशीर्वाद देण्याचा तिला हक्कच होता. ती बिचारी गांगरून जायची. मग हाच हसायचा, पिशवी आत नेऊन ठेवायचा आणि प्यायला पाणी मागायचा. तो गेल्यावर म्हातारी शेजारणीला सांगायची, "पोरगा सोन्यासारखा आहे हो, जीभ तेवढी नास्तिक."

त्याचं खरं आडनाव वेगळं होतं. 'पुरावे' हे आमच्या गल्लीनं ठेवलेलं. कोणीही काहीही सांगितलं, की तो उजवा हात उताणा करून पुढे धरायचा, रेल्वेतला तिकीट तपासनीस धरतो तसा, आणि म्हणायचा, "पुरावा?" अमक्या देवळात मूर्तीला घाम फुटला. पुरावा? उद्यापासून नळ दोन वेळा येणार. पुरावा? नवऱ्या मुलाचा बाप सांगतो, मुलगा बी. ए. आहे. पुरावा? हे शेवटचं त्यानं भर बैठकीत विचारलं होतं, आणि मुलगा इंटर नापास निघाला होता. मुलीच्या बापानं त्याचे उपकार मानायचे, तर त्यानं याच्याशी बोलणंच टाकलं; कारण खरं कळलं तरी लग्न मोडलं ते मोडलंच. तेव्हा तो तेवीस-चोवीस वर्षांचा असेल. हिंदी बोलणारे शेजारी त्याला 'पुरावे भिया' म्हणत, पोस्टमन त्याच नावानं हाका मारी, आणि मी त्याच्याहून पाच-सहा वर्षांनी लहान म्हणून 'पुरावेदादा' म्हणे.

आमचं राज्य तेव्हा मध्यभारत होतं आणि आमची गल्ली इंदुरात रामबागेच्या अंगाला. निम्मी घरं जुन्या दरबारी चाकरीतली, निम्मी माझ्या वडिलांसारखी, म्हणजे नानांसारखी, मिलमध्ये कारकुनी करायला दक्षिणेतून, पुण्याकडून आलेली. दोघांचं एकमेकांशी फारसं जमत नसे. पण नावं ठेवायला एखादा नास्तिक मिळाला की उत्तम जमे. पुरावेदादा मूळचा धारचा. इथे सरकारी कचेरीत कारकून होता, लग्न झालेलं नव्हतं, आणि गल्लीच्या वाचनालयाच्या माडीवर एका खोलीत राहायचा. खोलीच्या बदल्यात त्याच्याकडे एक काम होतं, वाचनालयाच्या दारातला फळा लिहिण्याचं.

घरोघरी वर्तमानपत्र येण्याचे ते दिवस नव्हते. मिलचा सकाळचा भोंगा व्हायच्या आत तो इंदूरची ताजी आणि मुंबई-पुण्याकडची शिळी वर्तमानपत्रं वाचून काढायचा आणि मोठाल्या बातम्या खडूनं फळ्यावर उतरवायचा. अक्षर छापल्यासारखं. डाव्या बाजूला बातमी, उजव्या बाजूला बारीक अक्षरात एखादी ओळ. त्या ओळीला तो 'शेरा' म्हणायचा. लोक बातमी ताठ उभं राहून वाचायचे आणि शेरा वाकून. कामावर जाणारे सायकलवरचे एक पाय जमिनीला टेकवून वाचायचे, हसायचे, आणि मग 'फार माजलाय' म्हणून पॅडल मारायचे.

त्याचे काही शेरे मला अजून पाठ आहेत. राजधानी सहा महिने इंदूरला आणि सहा महिने ग्वाल्हेरला असायची. फायलींचे पेटारे ग्वाल्हेरकडे निघाले, की हा लिहायचा, 'सरकार हवापालटाला निघाले. तब्येतीत फरक पडल्यास कळवू.' पावसासाठी कुठेतरी मोठा यज्ञ झाला आणि पाऊस पडला नाही, तेव्हा त्यानं लिहिलं, 'यज्ञ करणारे म्हणतात, लोकांची श्रद्धा कमी पडली. पाटबंधारे खात्याने हे कारण अजून वापरलेले नाही.' पहिल्या निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशीचा शेरा असा होता, 'रांगेत मालक आणि टांगेवाला पुढेमागे उभे होते. देवळात हे अजून जमलेले नाही.' हा शेरा दुपारी कोणीतरी ओल्या फडक्यानं पुसला. संध्याकाळी त्यानं तो तसाच्या तसा पुन्हा लिहिला आणि फडकं स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवलं.

त्या रांगेतले मालक म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष, रावसाहेब. दरबारातून निवृत्त झालेले. संस्थान विलीन झालं तरी लालबाग राजवाड्याच्या फाटकावरून जाताना ते टांग्यात बसल्या बसल्या मुजरा करायचे, आत कोणी असो की नसो. पुरावेदादा म्हणायचा, "निदान त्या फाटकाच्या आत कोणीतरी राहत होतं, याला पुरावा आहे. देवळापेक्षा हे परवडलं." हे रावसाहेबांच्या कानावर गेलं होतं. त्यात दर शनिवारी याचा एक खेळ असे. गेल्या आठवड्याचं छापील राशिभविष्य तो जपून ठेवायचा आणि रावसाहेब आले की सर्वांदेखत त्यांच्या राशीचं वाचायचा. "रावसाहेब, बुधवारी धनलाभ होता. झाला?" रावसाहेब मान हलवायचे. "शुक्रवारी स्त्रीकडून सुख?" इथे सगळे हसायचे. रावसाहेबही हसायचे, पण त्यांचे कान लाल व्हायचे. असली माणसं विसरत नाहीत, हे आम्हा हसणाऱ्यांपैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही.

असा माणूस एकटा पडत असेल असं कोणाला वाटेल. तसं मुळीच नव्हतं. सत्यनारायणाला तो आवर्जून यायचा, पोथी संपता संपता दारात उभा राहायचा आणि द्रोण पुढे करायचा. "शिऱ्याशी माझं काही भांडण नाही." गणपतीच्या आराशीतली तारांची आणि दिव्यांची कामं त्याच्याचकडे. ग्रहणात सगळी गल्ली दारं लावून बसलेली असताना हा दारापुढच्या ओटल्यावर पोहे खात बसायचा आणि सुटल्यावर लोक आंघोळीला निघाले की विचारायचा, "सूर्य बरा आहे ना आता?" कोणी गेलं की तिरडी बांधायला पहिला तोच. शहरात हरिजनांच्या मंदिरप्रवेशावरून तंटा झाला, तेव्हा तो मोर्चात पुढे होता. नाना त्याला म्हणाले, "अरे, तुला तर आत जायचंच नाही, मग तुझं काय अडलं?" तो म्हणाला, "नाना, मला श्रीखंड आवडत नाही. म्हणून तुमच्या पानावरचं मी कोणाला उचलू देईन का?"  त्या वर्षी आमच्याकडे गौरींच्या जेवणाला त्याला बोलावणं गेलं नाही.

फळ्यावर गल्लीतल्या मृत्यूंची बातमीही असायची. तिथे 'देवाज्ञा झाली' असं लिहिण्याची चाल होती. हा तसं कधी लिहायचा नाही. 'वारले' लिहायचा, पुढे कशानं वारले ते लिहायचा, आणि माणसानं केलेलं एखादं काम लिहायचा. 'गल्लीतला नळ यांच्या खटपटीमुळे आला.' 'यांनी शेजारच्या तीन मुलांना फुकट गणित शिकवले.' "आज्ञा कोणी दिली ते मला माहीत नाही," तो म्हणायचा, "क्षयानं माणूस गेला, तर क्षयाचं नाव लिहायला नको? नाव घेतलं तर त्याच्या मागे लागता येतं."

मी त्याचा चेला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो आणि चारचौघांत त्याच्याहून मोठ्या आवाजात नास्तिक होतो. परीक्षेच्या सकाळी मात्र माझी सायकल आपोआप खजराण्याच्या गणपतीकडे वळायची. एकदा परत येताना त्यानं मला कपाळाचं कुंकू पुसताना पकडलं. तो रागावला नाही. म्हणाला, "जा ना भिया, रोज जा. फक्त माझ्यासमोर पुसत जाऊ नकोस. देवाशी माझं काही वाकडं नाही रे. तो नाहीच, तर त्याच्याशी भांडू कशाला? आपलं वाकडं खोट्याशी." मी हे वाक्य पुढे कित्येक दिवस माझंच म्हणून कॉलेजात सांगत होतो.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. इथवर जे लिहिलं ते लिहायला मजा आली. पुढचं मी पन्नास वर्षं टाळत आलो आहे.

त्या हिवाळ्यात देवी टोचणारे आमच्या गल्लीत येणार होते. आमच्याकडे त्यांना टीकेवाले म्हणत. शहरात कुठे कुठे देवीची साथ सुरू झाली होती. पुरावेदादानं आठ दिवस आधीपासून फळ्याचा एक कोपरा त्यासाठी राखला, घरोघर फिरून मुलांची यादी केली, आणि टोचून घेणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःकडून पेपरमिंट कबूल केलं. टोचलं की तो यादीत नावापुढे 'झाले' लिहिणार होता. बायकांची भीती त्याला ठाऊक होती. देवी म्हणजे देवीचा कोप, सुईनं तिला अडवायला गेलं तर ती दुप्पट कोपते, असं निम्मी गल्ली मानायची. तो हात पुढे करून विचारायचा नाही तेव्हा. समजावत बसायचा, तासन् तास.

माझी बहीण शकू सहा वर्षांची होती. माझ्या पाठचा एक भाऊ टोचल्यानंतर आठ दिवसांनी तापानं गेला होता, आणि आईनं त्या दोन गोष्टींची गाठ मनाशी पक्की मारून ठेवली होती. नाना म्हणाले, "तू बघ काय ते," आणि मिलमध्ये निघून गेले. टीकेवाले गल्लीच्या तोंडाशी दिसले तशी आई मला म्हणाली, "वसंता, शकूला सायकलवर घे आणि जा कुठेतरी. ते लोक येऊन राहिलेत. दुपार झाली की आण." मी माझ्या दोन्ही दंडांवर लहानपणच्या टोचण्याचे वण बाळगणारा, पुरावेदादाचा चेला, एक अक्षर न बोलता शकूला सायकलच्या दांडीवर बसवून लालबागेकडे गेलो. फाटकासमोरच्या झाडाखाली आम्ही शेंगा खाल्ल्या. ती एकसारखी विचारत होती, "पण मग मला पेपरमिंट नाही का मिळणार?"

संध्याकाळी तो यादी घेऊन आमच्या ओटल्यावर आला. "काय रे, काकू बोलल्या शकू मामाकडे गेली म्हणून. तुमच्या ओळीत फक्त तिचंच राहिलं बघ. उद्या सकाळी ते टोचणारे बाबूजी पलीकडच्या गल्लीत आहेत, मी घेऊन जातो तिला." आईनं मला नेण्यापुरतंच सांगितलं होतं. पुढचं जे आहे ते सगळं माझं. मी म्हणालो, "अरे, झालं की तिचं. मामांनीच आज टोचून आणली, त्यांच्या गल्लीतल्या दवाखान्यात." का म्हणालो? त्याच्यासमोर आमचं घर अडाणी ठरेल म्हणून. मला आईची लाज वाटली. खोट्याची वाटली नाही.

शकू माझ्या शेजारीच उभी होती. अंगात लांब बाह्यांचा लोकरीचा स्वेटर होता. मला वाटलं, आता उजवा हात उताणा होऊन पुढे येणार. तो आला नाही. "चलो, अच्छा हुआ," तो म्हणाला आणि शकूपुढे वाकला. "रडलीस का गं?" शकूनं माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवून म्हणाली, "नाही." "शाब्बास," असं म्हणून त्यानं तिच्या हातावर एक सोडून दोन पेपरमिंट ठेवली, खिशातली पेन्सिल काढली आणि यादीत तिच्या नावापुढे 'झाले' लिहिलं.

रंगपंचमीचा रंग भिंतींवरून अजून गेला नव्हता, तेव्हा शकूला ताप भरला. तिसऱ्या दिवशी तोंडावर आणि हातांवर पुरळ दिसलं. आईनं दाराला कडुलिंब बांधला. घरात फोडणी बंद झाली, नानांनी दाढी करणं सोडलं, आणि शकूशी सगळे हलक्या आवाजात, अहो-जाहो करून बोलू लागले; कारण आता ती शकू नव्हती, तिच्यात देवी आल्या होत्या. डॉक्टरचं नाव काढायचं नव्हतं. मी चार दिवस वाचनालयाकडे फिरकलो नाही. चौथ्या दिवशी तोच आला.

आई दारात आडवी उभी राहिली. "आत येऊ नका. घरात देवी आल्यात." तो म्हणाला, "काकू, मला टोचलेलं आहे. मला काही होणार नाही. बघू द्या." चपला त्यानं दाराशी काढल्या होत्या, हे मी पाहिलं आहे. पाय धुतले नाहीत, हेही खरं आहे. तो शकूच्या अंथरुणाशी बसला, तिच्या कपाळावर हात ठेवला, मग तिच्या झग्याची बाही वर केली. डावा दंड पाहिला. उजवा पाहिला. दंडांवर पुरळ तुरळक होतं आणि वण एकही नव्हता. त्यानं बाही पुन्हा नीट खाली केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दारावरच्या कडुलिंबाकडे बघत राहिलो.

तो उठला आणि तासाभरात डॉक्टर घेऊन आला. आता फार काही करता येण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यानंतर रोज कचेरी सुटली की तो यायचा. आईनं अडवणं सोडून दिलं होतं. तो शकूला कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायचा आणि फळ्यावरच्या बातम्या सांगायचा. तिचे डोळे चिकटले होते, पण ती ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "पेपरमिंट आणलंय?" त्यानं आणलं होतं. तिला ते गिळता आलं नाही. अकराव्या दिवशी सकाळी ती गेली. नानांनी तिला हातांवर घेतलं. गल्लीतली दारं लागलेली होती. नानांबरोबर आम्ही दोघंच होतो, तो आणि मी.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यानं लिहिलं, 'शकुंतला, वय सहा. देवीच्या रोगाने वारली. हा रोग टोचल्याने टळतो. ज्यांची मुले राहिली असतील त्यांनी आज संध्याकाळी वाचनालयात आणावीत.' एवढंच. आमच्या घराविषयी अक्षर नव्हतं. तरी गल्ली पेटली. आधीच कुजबूज होती, की हा पाय न धुता आत गेला म्हणून देवी कोपल्या. आता तर त्यानं देवाज्ञा म्हटलं नाही, उलट देवीला रोग म्हटलं, आणि तेही मेलेल्या लेकराच्या नावाखाली. रविवारी वाचनालयात सभासदांची सभा भरली. मी वर्षापूर्वीच सभासद झालो होतो, माझ्या अर्जावर सही त्याचीच होती.

रावसाहेबांनी आवाज चढवला नाही. त्यांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. "ही टोचण्याची यादी. तुमचंच अक्षर ना?"

"माझंच."

"शकुंतला, वय सहा. पुढे काय लिहिलंय?"

"झाले."

"म्हणजे मुलीला टोचलेलं होतं. आणि मुलगी देवीनंच गेली. आणि तुम्ही फळ्यावर लिहिता, हा रोग टोचल्याने टळतो." रावसाहेबांनी आपला उजवा हात उताणा करून पुढे धरला. "पुरावा?"

लोक हसले. आठ दिवसांपूर्वी पुरलेल्या मुलीचा बाप समोर बसलेला असताना लोक मोकळेपणानं हसले. कित्येक शनिवारचं हसू रावसाहेबांनी त्या एका शब्दात वसूल केलं.

पुरावेदादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला एकच वाक्य पुरलं असतं, की ही नोंद मी याच्या सांगण्यावरून केली. मलाही एकच पुरलं असतं. नाना माझ्या शेजारी मान खाली घालून बसले होते, दाढी वाढलेली. शकूला टोचलेलं नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं.  मी सतरंजीचा सुटलेला धागा बोटाला गुंडाळत होतो.

"नोंद चुकलेली आहे," तो म्हणाला. "मुलीला टोचलेलं नव्हतं. मी न बघता लिहिलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्या नाही. चूक माझी."

"वा," रावसाहेब म्हणाले, "म्हणजे सोयीचं असेल तेव्हा नोंद खरी, नसेल तेव्हा खोटी." मग त्यांनी फळा काढून घेण्याचा ठराव मांडला आणि हात वर करायला सांगितलं. नानांचा हात वर गेला. त्यांच्या पाठोपाठ माझा गेला. हा हात कोणी धरून वर केलेला नव्हता.

त्या उन्हाळ्यात गल्लीतली आणखी दोन मुलं गेली आणि एकाचे डोळे गेले. टीकेवाले पुन्हा आले तेव्हा दारादारांतून एकच उत्तर मिळालं, "टोचून काय होतं? शकूला टोचली नव्हती का?" पुढे पुढे आमची आईसुद्धा तसंच सांगू लागली. आधी खालच्या आवाजात, मग नेहमीच्या. शेवटी शेवटी तिला ते खरंच वाटत असावं. तिच्या सुखासाठी मी तेही चालू दिलं. आणि फळा माझ्याकडे आला, कारण पुरावेदादाच्या हाताखाली माझंच अक्षर चांगलं झालं होतं. मी उजवी बाजू कोरी ठेवत असे आणि डाव्या बाजूला वळणदार अक्षरात 'देवाज्ञा झाली' लिहीत असे. रावसाहेबांनी दोनदा माझं कौतुक केलं.

मध्यभारत संपलं. नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि अख्खं इंदूर आपलं घर लुटलं गेल्यासारखं हळहळत बसलं. पुरावेदादाची कचेरीही भोपाळला निघाली. तो जायच्या सकाळी मी बस अड्ड्यावर गेलो. त्याच्याकडे एक ट्रंक आणि पुस्तकांचं एक पोतं होतं. मला पाहून तो म्हणाला, "काय शेरा लिहिलास आज? 'राजधानी गेली, अक्कल आधीच गेली होती', असा काहीतरी लिही." मी म्हणालो, शेरे मी लिहीत नाही. "हां," तो म्हणाला, "दिसतंय."

बस सुटायला वेळ होता. मी विचारलं, "दादा, त्या दिवशी सभेत तू माझं नाव का घेतलं नाहीस?"

"नाना बसले होते ना समोर. पोरगी गेलेली, आता पोराला पण त्यांच्यासमोर उभा करून खोटा पाडायचा? मतलब, जिंकायचं तरी किती." मग तो ट्रंकेवर बसला. "आणि दुसरं असं, की मी बोललो ते खोटं नव्हतं. चूक माझीच होती. सगळ्या दुनियेला पुरावा मागत फिरतो मी. पोरीची बाही वर करायला किती वेळ लागतो? पण म्हटलं, वसंता सांगतोय. बास. लोक देवाच्या बाबतीत करतात ना, तेच मी तुझ्या बाबतीत केलं."

मला रडू आलं. त्यानं माझ्या खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. ट्रंक उचलता उचलता म्हणाला, "तुला माफ केलं असं समजून घरी जाऊ नकोस. ते खातं माझ्याकडे नाही." मग बस आली आणि तो गेला.

पुढे माझं लग्न झालं, मुलगी झाली. तिला टोचून आणलं त्या दिवशी, तिचा दंड धरून बसलेलो असताना, मला राहवलं नाही आणि मी त्याला सविस्तर पत्र लिहिलं. काय केलं, का केलं, सगळं. त्याचं कार्ड आलं. अक्षर तसंच, छापल्यासारखं. 'पत्र पोहोचले. यातले मला काहीच नवीन नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी फळा असतो.'

फळा तेव्हाही माझ्याकडेच होता. पण आई होती. मग आई गेली, तेव्हा नाना होते. मग रावसाहेबांच्या शोकसभेत मी भाषण केलं. मग वाचनालय बंद पडलं, फळा कोणी नेला कळलं नाही, आणि आम्ही विजय नगरात फ्लॅट घेतला. सबबी कधी कमी पडत नाहीत, हे मी अनुभवानं सांगतो. पुरावेदादा गेल्याचं मला भोपाळच्या एका वर्तमानपत्रातल्या चौकटीवरून कळलं. पुतण्यांनी छापलं होतं, 'देवाज्ञा झाली.' कशानं गेला ते दिलं नव्हतं. त्यानं केलेलं एखादं कामही दिलं नव्हतं.

म्हणून आता लिहितो आहे. ज्यांनी हे वाचायला हवं होतं त्यांच्यापैकी कोणी उरणार नाही, इतकी वाट मी पाहिली आहे. उजवी बाजू नेहमीप्रमाणे कोरी ठेवतो, शेरा लिहिण्याचा हक्क माझा नाही. डाव्या बाजूची बातमी अशी:

शकुंतला, वय सहा. देवीच्या रोगाने वारली. तिला टोचलेले नव्हते. टोचले आहे, असे तिच्या भावाने सांगितले होते.